आमच्या शेजाऱ्यांची नावे तुमच्या तक्त्यात नकोत : नाशिकच्या मंडळ्यांना खुले पत्र

प्रति,
नाशिक शहरातील ज्या ख्रिस्ती मंडळ्यांनी (चर्चनी) एकत्र येऊन यंदाची सुवार्ता मोहीम, म्हणजे येशूचा संदेश इतरांना सांगण्याची मोहीम, हाती घेतली आहे, त्यांचे सन्माननीय पाळक, वडील आणि कार्यकारिणीचे सभासद यांस,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

गेल्या महिन्यात रविवारच्या उपासनेनंतर सूचना वाचताना आपल्या संयुक्त समितीचा निर्णय आम्हाला कळवण्यात आला आणि बाहेर पडताना प्रत्येक कुटुंबाच्या हाती एक छापील तक्ता देण्यात आला. ओळखीच्या दहा अख्रिस्ती व्यक्तींची नावे त्यात भरायची आहेत. नावापुढे मोबाइल क्रमांक, राहण्याचा भाग, समाज, व्यवसाय आणि ‘घरातील अडचण’ असे रकाने आहेत, आणि अडचण म्हणजे काय हे लिहिणाऱ्याला सुचावे म्हणून आजार, कर्ज, व्यसन, मूल नसणे, घरातील भांडण अशी उदाहरणेही छापली आहेत. शेवटचा रकाना ‘प्रतिसाद’ असा असून त्यात एक ते पाच गुण द्यायचे आहेत. तक्त्याखाली कुटुंबप्रमुखाची सही. भरलेल्या तक्त्याचा फोटो काढून तो गटप्रमुखाच्या व्हॉट्सॲपवर पाठवायचा, आणि कोणत्या मंडळीची किती नावे झाली हे दर महिन्याच्या संयुक्त प्रार्थनासभेत वाचून दाखवले जाणार.

मी हा तक्ता भरणार नाही. आमच्या पाळकसाहेबांना मी तसे समक्ष सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि निर्णय वरून आला आहे एवढेच उत्तर दिले. म्हणून हे पत्र वरच्यांना. ते उघडपणे लिहिण्याचे कारण असे की ज्यांची नावे या तक्त्यात जाणार आहेत ते आपल्या बैठकांना बसत नाहीत, आपल्या सूचना ऐकत नाहीत, आणि असा तक्ता निघाला आहे याची त्यांना कल्पनाही नाही. ती असण्याचा पहिला हक्क त्यांचाच आहे.

माझा गैरसमज होऊ नये म्हणून एक गोष्ट आधीच सांगते. ख्रिस्ती माणसाने आपला विश्वास घरात कोंडून ठेवावा, असे माझे म्हणणे नाही. मंडळीतले काही ज्येष्ठ आजकाल असेही म्हणू लागले आहेत की दिवस वाईट आहेत, बाहेर प्रभूचे नाव काढूच नका, कोणी विचारले तर विषय बदला. ते मला मान्य नाही. माझे माहेर शरणपूरचे. शहरातल्याच एका रुग्णालयात मी परिचारिका म्हणून नोकरी केली, निवृत्त झाले, आणि आता सिडकोतल्या एका इमारतीत राहते, जिथे आमचे एकच घर ख्रिस्ती आहे. मी कोणावर विश्वास ठेवते हे त्या इमारतीत लहान मुलालाही माहीत आहे. ते लपवायची वेळ माझ्यावर कधी आली नाही, आणि ते सांगण्यासाठी कोणाची यादी करायची वेळही आली नाही.

शरणपूरचा उल्लेख केला, कारण आपल्यापैकी अनेक मोहिमा आखणाऱ्यांना तो इतिहास माहीत असूनही उपयोगात येत नाही असे दिसते. १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने नाशिक गावाबाहेर ही वस्ती वसवली. तिथे सुतारकाम, लोहारकाम शिकवले जाई. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकन मुलेही तिथे वाढली. त्यांतला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरलेला मिशनरी संशोधक लिव्हिंग्स्टन याच्या अखेरच्या प्रवासात होता आणि १८७४ मध्ये त्याच्या मृतदेहासोबत इंग्लंडपर्यंत गेला. गौरवाचाच हा इतिहास आहे. पण ती वस्ती गावापासून वेगळी होती. नव्या विश्वासणाऱ्यांना आसरा हवा होता, त्यामुळे ते तसे असणे समजण्यासारखे आहे; मात्र त्यामुळे शेजारी म्हणजे कोण हा प्रश्न तिथे फारसा पडत नसे, कारण शेजारीही ख्रिस्तीच. आज आपण सातपूर, इंदिरानगर, नाशिक रोड, पंचवटी अशा सगळीकडे विखुरलेले आहोत, एका जिन्यावर चार धर्मांच्या चपला असतात, आणि विश्वासाविषयी बोलण्याची खरी संधी शरणपूरच्या लोकांपेक्षा आपल्याला जास्त आहे. ती संधी या तक्त्याने आपण आपल्याच हाताने घालवत आहोत, हे माझे मुख्य म्हणणे आहे. आता तक्रारी.

पहिली तक्रार संमतीविषयी आहे. समोरच्या घरातल्या ताईंनी त्यांचा क्रमांक मला सिलिंडर आला तर कळवायला दिला. तो पाच मंडळ्यांच्या गटप्रमुखांच्या मोबाइलमध्ये फिरावा म्हणून दिलेला नाही. २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला, त्याचा पायाच मुळी संमती हा आहे. परंतु कायदा नसता तरीही हे चूकच ठरले असते. रुग्णालयात केसपेपर कोणी विनाकारण चाळला तर आम्ही नव्या मुलींना रागावत असू. कोणाला काय झाले आहे हे जिथे लिहिलेले असते, तो कागद कोणाच्या हाती द्यायचा याचे नियम असतात. तुमच्या तक्त्याला असा एकही नियम नाही.

दुसरी तक्रार ‘घरातील अडचण’ या रकान्याविषयी आहे, आणि ती माझी सर्वांत मोठी तक्रार आहे.

आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी होत्या. गळ्यात तुळशीची माळ, मधुमेहाने पायाला जखम झालेली. मुलगा अंबडच्या कारखान्यात कंत्राटावर, सून दिवसभर शिवणकामात, त्यामुळे संध्याकाळी ड्रेसिंग बदलायला मी जात असे. जखमेवर चिकटलेले गॉझ सलाइन घालून सैल करायचे, मग हळूहळू सोडवायचे, या कामाला वेळ लागतो आणि वेदनाही होतात. एकदा त्यांनी विचारले, “सिस्टर, पट्टी सोडवताना ओठांतल्या ओठांत काय पुटपुटता?” जखम भरावी म्हणून प्रार्थना करते, असे मी सांगितले. कोणाला, असे त्यांनी विचारले. येशूला, असे मी म्हटले. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “सांगा त्याला. पण माझ्या विठोबाला वाईट वाटणार नाही असंच सांगा.”

पुढे ड्रेसिंगच्या वेळी त्यांचे प्रश्न सुरू झाले. त्याची आई कोण, त्याला मारले का, आई तिथे होती का. मुलाला खिळलेले पाहत आई खाली उभी होती हे ऐकून त्या माउलीने पदर डोळ्यांना लावला. मग त्या मला ज्ञानदेवांच्या भावंडांना गावाने कसे वाळीत टाकले ते सांगत, पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या यात्रेला पायी जाण्याच्या आठवणी सांगत. मी ऐकत असे, आणि मलाही त्यातून पुष्कळ मिळाले. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो असे ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक म्हणत, त्या पुलाची पलीकडची बाजू मी त्या खाटेशेजारी बसून पाहिली असे म्हणायला हरकत नाही. त्या शेवटपर्यंत वारकरीच राहिल्या. त्यांना नेले तेव्हा अभंग झाले आणि मी त्या बायकांत उभी होते. आता मला सांगा, ‘प्रतिसाद’ या रकान्यात मी त्यांना पाचपैकी किती गुण द्यावेत? आणि ‘अडचण’ या रकान्यात त्यांची जखम लिहायची होती का?

शेजाऱ्याच्या घरी आजार आला की जाणे हे आपले कर्तव्य आहे, आणि तिथे त्याने परवानगी दिली तर प्रार्थना करणे हेही आहे. पण आजार आहे म्हणून त्या घराची निवड करणे वेगळे. तुमचा तक्ता मला दुसरे करायला सांगतो. विमा एजंट नव्या लग्नाची आणि नव्या बाळाची घरे हेरून ठेवतो, तशी आम्ही कर्जाची आणि वांझपणाची घरे हेरून ठेवायची. लूककृत शुभवर्तमानात प्रभूने दहा कुष्ठरोग्यांना बरे केले आणि आभार मानायला एकच परत आला. बाकीचे नऊ कुठे आहेत असे प्रभूने विचारले खरे, पण त्या नऊ जणांचे बरेपण काढून घेतले नाही. योगायोगाने तुमच्या तक्त्यातही दहाच ओळी आहेत.

तिसरी तक्रार मोजणीविषयी. दाविद राजाने लोकांची मोजणी केली तेव्हा देवाचा कोप कसा झाला हे बायबलमधील शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात आहे आणि त्यावर आपल्यापैकी अनेकांनी उपदेश केलेले आहेत, तेव्हा ते मी सांगायला नको. मी नाशिकपुरतेच बोलते. जलालपूर हे गोदाकाठचे गाव इथून जवळ आहे. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ मध्ये तिथला. त्यांच्या पतीने, म्हणजे ना. वा. टिळकांनी, १० फेब्रुवारी १८९५ रोजी बाप्तिस्मा घेतला. पतीपेक्षा जवळचा साक्षीदार कोणाला मिळणार? तरीही लक्ष्मीबाईंनी पुढची जवळपास पाच वर्षे स्वतःच्या मनाशी झगडून मगच आपला निर्णय केला, आणि तो त्यांचा स्वतःचा होता म्हणूनच पुढे त्यांच्या लेखणीला ते बळ आले. खुद्द टिळकांच्या बाबतीत सुरुवात कशी झाली? नागपूरहून राजनांदगावकडे जाणाऱ्या रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन सहप्रवाशाशी त्यांच्या गप्पा झाल्या, त्याने नवा करार हाती दिला आणि वाचण्याचा आग्रह केला. तू ख्रिस्ती होशील असेही तो तोंडावर म्हणाला, भीड बाळगली नाही. पण त्या गप्पांत ना तक्ता होता, ना गुणांचा रकाना.

याच जिल्ह्यातली आणखी एक गोष्ट आपण विसरतो. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात डॉ. आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले, आणि नागपूरची धम्मदीक्षा झाली १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. मध्ये एकवीस वर्षांचा अभ्यास, चर्चा आणि विचार आहे. त्या काळात निरनिराळ्या धर्मांचे लोक त्यांना आपल्याकडे बोलावत होते आणि ते कोणाच्या घाईला बधले नाहीत. धर्म ही माणसाने आपल्या पूर्ण शुद्धीत, आपल्या स्वाभिमानानिशी ठरवायची गोष्ट आहे, हे ज्या जिल्ह्याने इतक्या जवळून पाहिले, तिथे आपण महिन्याच्या महिन्याला आकडे वाचणार आहोत.

चौथी तक्रार सुरक्षिततेची आहे आणि ती मी स्पष्ट शब्दांत मांडते, कारण बैठकीत ती कोणी मांडली नाही असे दिसते. संविधानाचा अनुच्छेद २५ सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रचार करण्याचा हक्क देतो. प्रचाराचा हा हक्क असावा की नसावा यावर डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत चांगलाच वाद झाला आणि अखेर तो राहिला. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची मर्यादाही सांगितली: आपल्या धर्माची तत्त्वे दुसऱ्याला समजावून सांगणे हा हक्क आहे, दुसऱ्याचे धर्मांतर करणे हा हक्क नाही. मला ही मर्यादा जाचक वाटत नाही. समजावून सांगणे आपल्या हाती आहे, बाकीचे कधीच आपल्या हाती नव्हते, हे तर आपले धर्मशास्त्रही सांगते. पण माणसाच्या नावापुढे त्याचे कर्ज लिहिलेला आणि त्यापुढे गुण दिलेला कागद उद्या कोणाच्या हाती लागला, तर त्याचा अर्थ आमिष असाच लावला जाईल, आणि तसा अर्थ लावणाऱ्याला दोष देणे मलाही कठीण जाईल. त्या कागदाखाली सही समितीची नाही, माझी असेल. पोलीस ठाण्यात जावे लागेल ते सातपूरच्या एखाद्या कामगाराला किंवा घरकाम करणाऱ्या बहिणीला. आणि ज्यांची नावे त्यात आहेत त्यांचे काय? त्यांना त्यांच्या घरचे आणि गल्लीतले लोक विचारतील की तुझे नाव तिथे कसे. पेठ, सुरगाणा भागातून शहरात कामाला आलेल्या आदिवासी कुटुंबांची नावे या तक्त्यांत मोठ्या संख्येने जातील असा माझा अंदाज आहे, कारण अडचणी त्यांच्याच जास्त आहेत. जो आधीच दुबळा, त्यालाच आपण अधिक उघड्यावर आणतो आहोत.

पाचवी तक्रार थोडक्यात. नाताळच्या कार्यक्रमाला आपण शेजाऱ्यांना बोलावतो, ते प्रेमाने येतात, केक खातात, मुलांची नाटुकली पाहतात. आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे फोटो ‘सुवार्ता ऐकलेल्या व्यक्ती’ अशा मथळ्याखाली समूहावर पडतात. हे यजमानाला शोभत नाही.

सहावी तक्रार अशी की तक्ता दिला, पण शिकवले काहीच नाही. तरुण संघातल्या मुलांना कॉलेजातले मित्र सरळ प्रश्न विचारतात. देव चांगला आहे तर लहान मुलांना कर्करोग का होतो? तुमच्यातही जात आहे ना, मग तुमचे वेगळे ते काय? तुमचे आजोबा का बदलले? हा शेवटचा प्रश्न तर प्रत्येक ख्रिस्ती मुलाला आयुष्यात एकदा येतोच. या प्रश्नांना आपल्या मुलांजवळ प्रामाणिक, नम्र आणि धड मराठीतले उत्तर नाही. जो कोणी तुमच्या आशेविषयी विचारील त्याला सौम्यतेने उत्तर द्यायला तयार राहा, असे येशूचा शिष्य पेत्र सांगतो. त्या वचनात आधी विचारणारा आहे. कोणी विचारावे असे आपले जगणे आहे का, आणि विचारले तर उत्तर देता येते का, या दोन गोष्टींवर मंडळीने वर्षभर मेहनत घेतली असती तर मी सर्वांत पुढे बसले असते. मंडळीतल्या जातीच्या प्रश्नावर तर समितीने मोहिमेआधी एक बैठक घ्यायला हवी होती; लग्नाच्या वेळी आपण काय काय विचारतो हे शेजारी पाहत असतात.

तुम्ही म्हणाल की सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करा ही प्रभूची आज्ञा आहे आणि ही बाई ती टाळते आहे. ती आज्ञा मला मान्य आहे. पण येशूचा शिष्य फिलिप्प याने आपल्या मित्राला, नथनेलाला, येशूविषयी सांगितले ते इतकेच की येऊन पाहा, आणि तेही नथनेलाने नासरेथातून, म्हणजे येशूच्या गावातून, काही चांगले निघेल का असा टोमणा मारल्यावर. मित्राने टोमणा मारावा आणि आपण न चिडता त्याला सोबत न्यावे, इतकी आधी मैत्री हवी. ती मैत्री दिवाळीच्या फराळाच्या ताटातून, संक्रांतीच्या तिळगुळातून, दहाव्याला घाटावर सोबत जाण्यातून, रात्री दोन वाजता रिक्षा शोधून देण्यातून होते, आणि त्यातली कोणतीही गोष्ट सुवार्तेची पूर्वतयारी म्हणून केली तर समोरच्याला ती लगेच कळते. नाताळात मी करंज्यांचे ताट घेऊन वर-खाली जाते तेव्हा कोणाच्या घरी किती वेळ बसायचे हे करंज्या घेणारा ठरवतो.

माझ्या मागण्या साध्या आहेत. हा तक्ता पुढच्या रविवारी प्रत्येक मंडळीच्या व्यासपीठावरून मागे घेतल्याचे जाहीर करावे. जे तक्ते जमा झाले आहेत ते भरणाऱ्या कुटुंबांना परत द्यावेत, गटप्रमुखांनी आपल्या मोबाइलमधील त्यांचे फोटो सर्वांसमक्ष पुसावेत, आणि यापुढे मंडळीबाहेरच्या कोणाही व्यक्तीची माहिती तिच्या परवानगीशिवाय लिहून ठेवली जाणार नाही असा ठराव करावा. मासिक सभेतले आकड्यांचे वाचन बंद करावे. मंडळीतर्फे औषध, फी किंवा धान्याची जी मदत दिली जाते, तिच्यासोबत पत्रिका किंवा सभेचे आमंत्रण देऊ नये. मदत वेगळी, आमंत्रण वेगळे. शेजाऱ्यांचे आणि विशेषतः त्यांच्या मुलांचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय कोणत्याही समूहावर टाकू नयेत. एखाद्याने नको म्हटले की तिथे तो विषय संपला, हे गटप्रमुखांना लेखी कळवावे. अनुच्छेद २५ ची माहिती सोप्या मराठीत छापून प्रत्येक कुटुंबाला द्यावी, आणि एखादा सभासद केवळ आपला विश्वास सांगितल्यामुळे अडचणीत आला तर समिती वकिलासह त्याच्या पाठीशी उभी राहील हेही त्यात लिहावे. आज ते कुठेही लिहिलेले नाही.

आणि तक्त्याच्या छपाईसाठी ठेवलेल्या पैशांतून मुलांसाठी वर्ग सुरू करावा, ज्यात पवित्रशास्त्रासोबत संतांचे अभंगही वाचले जातील आणि शेजाऱ्याचा विश्वास त्याच्याच तोंडून ऐकायला शिकवले जाईल. वर्गासाठी जागा नसेल तर माझे घर आहे. बसायला सतरंजी आणि चहा देण्याची जबाबदारी महिला मंडळातल्या आम्ही काही जणींनी घेतली आहे. या पत्राचे उत्तर मात्र लेखी द्यावे ही विनंती, कारण तोंडी उत्तर आम्हाला मिळालेले आहे.

आपली नम्र,
एक सभासद, सिडको, नाशिक